भट्टीपुढची रात्र : पावकामगारांच्या पाळीचा मागोवा

गिऱ्हाइकाला पाव पहाटे लागतो, तेव्हा पाव करणाऱ्याने रात्रभर जागायचेच, ही समजूत इतकी मुरलेली आहे की तिच्याविषयी कुणी प्रश्नच विचारत नाही. पण गेल्या दीडशेहून अधिक वर्षांचा मागोवा घेतला, तर वेगळे चित्र दिसते. कारागिराची रात्र पिठाने मागितलेली नव्हती. कामाची वाटणी नीट न केल्यामुळे ती त्याच्या वाट्याला आली. 1862 मध्ये ह्यू ट्रेमेनहीर यांनी लंडनच्या पावकामगारांच्या तक्रारींवर ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. त्यातला कामगार रात्री अकराच्या सुमारास पीठ मळायला घेतो, मळण्याच्या फळीवरच पोते अंथरून दोनेक तास पडतो, मग उठून सलग पाच तास गोळे तोडतो, वळतो, भट्टीत घालतो. एवढे झाल्यावर पाट्या किंवा हातगाडी घेऊन घरोघरी पाव पोचवायलाही तोच निघतो. मळणारा, भाजणारा आणि पोचवणारा असे तिघे एकाच देहात कोंबले होते. पीठ फुगायला लागणारा वेळ हा या दिवसाचा एक तुकडा होता. बाकीची लांबी मालकाच्या हिशेबातून आली होती.

कायद्याने या दिवसाला हात घातला तो चाचपडत. 1863 च्या ब्रिटिश कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना रात्री 9 ते पहाटे 5 बेकरीत राबवायला बंदी केली. प्रौढ कामगार होता तिथेच राहिला. पॅरिस कम्यूनने 20 एप्रिल 1871 रोजी बेकऱ्यांतील रात्रकाम बंद करण्याचा हुकूम काढला, पण मे महिन्याअखेर कम्यूनच चिरडले गेले. न्यूयॉर्क राज्याने 1895 मध्ये पावकामगारांसाठी दिवसाला 10 आणि आठवड्याला 60 तासांची मर्यादा घातली. 1905 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या स्वातंत्र्याचे कारण देऊन ती पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. फ्रान्सने 1919 मध्ये रात्रकामाला बंदी घातली आणि 1925 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्याच आशयाचा करार संमत केला. त्यातले एक कलम फार मोलाचे आहे : बंदी कामगारांइतकीच मालकांनाही लागू होती.

या कलमात लहान बेकरीवाल्याच्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर आहे. मी रात्री भट्टी बंद ठेवली आणि शेजाऱ्याने चालू ठेवली, तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. म्हणूनच नियम सर्वांना सारखा हवा. एकट्याच्या चांगुलपणावर पाळी बदलत नाही. दुसरा आक्षेप पिठाचा. पण 4 अंश सेल्सिअसच्या आसपास खमिराची क्रिया अगदी मंदावते; संध्याकाळी मळून थंड ठेवलेले पीठ सकाळी भाजता येते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : चार माणसांच्या बेकरीत दोन पाळ्या लावायच्या कशा? इथे माणसे वाढवण्याआधी कामे सुटी करावी लागतात. दोघांनी संध्याकाळी मळून ठेवावे, दोघांनी पहाटे भाजावे, विक्री वेगळ्या हातांकडे द्यावी. गोव्यात सायकलवरून पाव विकणारा पोदेर सकाळी येतो तसा संध्याकाळीही येतो. ताज्या पावाची गरज एकट्या पहाटेची नाही आणि भाजणाऱ्यानेच फेरी मारायला हवी असेही नाही, या दोन्ही गोष्टी त्याच्या फेऱ्या दाखवतात. पहाटेची पहिली लादी तासभर उशिरा निघेल, शीतपेटीचा खर्चही पडेल. हे मान्य करूनही कुणाची तरी पूर्ण रात्र वाचते, हे पारडे जड आहे.

आपल्याकडे हा विषय मागे पडला, कारण लहान बेकरी कायद्याच्या जाळीतून निसटत राहिली. 1948 च्या कारखाने कायद्याने 9 तासांचा दिवस आणि 48 तासांचा आठवडा ठरवला, पण तो मुळात वीज वापरणाऱ्या जागी 10 आणि बिनविजेच्या जागी 20 कामगार असतील तिथेच लागू होता. चार-सहा कारागिरांची पावाची भट्टी त्याच्या बाहेरच राहिली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. त्यानंतरची चर्चा धूर, खर्च आणि पावाची चव यांभोवती फिरली. कारागिराच्या झोपेचा मुद्दा त्यात जवळजवळ आलाच नाही. वास्तविक लाकडाची भट्टी तापवायला आणि तापती ठेवायला बराच वेळ जातो, आणि माणसांच्या वेळा तिच्या तापण्याला बांधलेल्या असतात. गॅसची किंवा विजेची भट्टी ही गाठ सैल करते. मात्र भट्टी बदलली म्हणून पाळी आपोआप बदलत नाही. बेकरीमालकांच्या संघटनांनी, कामगार खात्याने आणि महापालिकेने नव्या भट्टीच्या खर्चासोबतच नव्या वेळापत्रकाचाही हिशेब मांडावा. आणि आपण गिऱ्हाइकांनी, सकाळचा पाव थोडा उशिरा मिळाला तरी चालेल, असे दुकानदाराला आजच सांगावे.