दहा रुपयांची पेन्सिल आणि टिकणारी अक्षरे
- प्रतिनिधी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी ज्या असंख्य घरांत पाणी शिरले, त्यांत प्रस्तुत प्रतिनिधीचे घरही होते. वडिलांच्या रोजनिश्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात होत्या. पाणी ओसरल्यावर त्या दोरीवर वाळत घातल्या तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. भारी फाउंटन पेनने, निळ्या शाईत, मन लावून लिहिलेल्या पानांवर निळसर डाग तेवढे उरले होते. धाकट्या बहिणीच्या जन्माच्या दिवशी लिहिलेले पान त्यातच गेले. मागच्या पानांवर साध्या पेन्सिलीने टिपलेला दुधाचा हिशेब मात्र लिटर-लिटरसह शाबूत होता.

रोजनिशी लिहिणारे किंवा फावल्या वेळात रेखाटने करणारे वाचक दुकानात गेल्यावर किंमत आणि रंग पाहतात. पेन कागदावर सहज धावते का, हेही पाहतात. लिहिलेले किती काळ टिकेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक टिकाऊपणाचा किमतीशी संबंध फार थोडा असतो. तो असतो शाईच्या घडणीशी.

शाईचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. त्याला 'डाय' म्हणतात. फाउंटन पेनची रॉयल ब्लू शाई बहुधा याच जातीची. कपड्यावर सांडली तर धुऊन निघावी, ही तिची सोयच भिजलेल्या वहीत शाप ठरते. दुसऱ्या प्रकारात रंगाचे अतिसूक्ष्म कण गढूळ पाण्यातील मातीप्रमाणे तरंगत असतात. हे 'पिगमेंट'. पाणी उडून गेले की हे कण कागदाच्या तंतूंत रुतून बसतात. ते पुन्हा पाण्यात विरघळत नाहीत आणि प्रकाशानेही सहसा लवकर फिके पडत नाहीत.

या कणांमध्ये सर्वांत भरवशाचा म्हणजे कार्बन. पेशवे दप्तरातील मोडी कागद आजही वाचता येतात, कारण काजळी आणि डिंक यांपासून केलेली शाई बोरूने कागदावर उतरवलेली होती. आपली पेन्सिलही याच घराण्यातील. 'शिसपेन्सिल' असे नाव पडले असले तरी तिच्यात शिसे मुळीच नसते. असतो तो ग्राफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप. युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचा ग्राफाइट मिळेनासा झाला, तेव्हा निकोला-जाक काँते याने १७९५ मध्ये ग्राफाइटची भुकटी आणि चिकणमाती एकत्र भाजून कांडी तयार केली. आजही मूळ पद्धत तीच आहे.

पेन्सिलीवरील अक्षरांचा उलगडाही येथेच होतो. माती जास्त असेल तर कांडी कठीण आणि रेघ फिकी. ती 'एच'. ग्राफाइट जास्त असेल तर कांडी मऊ आणि रेघ गडद. ती 'बी'. 'एचबी' ही मधली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्यांना ही अक्षरे पाठ असतात. नवशिक्यांनी दहा-बारा पेन्सिलींचा संच घेण्याची गरज नाही. लिहिण्यासाठी आणि बाह्यरेषेसाठी एचबी, सर्वसाधारण रेखाटनासाठी टूबी आणि छायेसाठी सिक्सबी, एवढ्या तीन पुरेशा आहेत.

या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. १९३१ मध्ये दि. प. दांडेकर यांनी मुंबईत 'हॉर्स ब्रँड' शाई काढून ज्या उद्योगाचा पाया घातला, तो पुढे 'कॅम्लिन' नावाने घरोघर पोहोचला. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान पेन्सिल्सच्या 'नटराज' आणि 'अप्सरा' या पेन्सिली तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. लिहिण्याची साधी पेन्सिल आजही दहा रुपयांच्या आत येते. तिचा दोष एकच, ती पुसट होते. पण तो पाण्याचा नव्हे, हाताच्या घर्षणाचा परिणाम. दोन पानांमध्ये बटर पेपर घातला की निम्मे काम होते. पेन्सिल मात्र खाली पाडू नये. आतल्या आत कांडीचे तुकडे होतात आणि मग शार्पनरला दोष दिला जातो.

बॉलपेनची शाई तेलकट असल्याने पाण्याला सहसा दाद देत नाही. निळ्या टोपणाचे पांढरे 'रेनॉल्ड्स ०४५' ज्यांनी शाळेत वापरले, त्यांना हे अनुभवाने ठाऊक असेल. रेखाटनालाही बॉलपेन उत्तम. हात हलका ठेवला तर राखाडी आणि दाब दिला तर गडद छटा मिळते. परंतु तिच्यातील रंग बहुधा डायचा असल्याने उन्हात तो फिका पडतो. बॉलपेनचे चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नये, वहीतच ठेवावे.

जेल पेनच्या बाबतीत सावधगिरी हवी. काहींत डाय असतो, काहींत पिगमेंट, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या शाईची पेने तर रोजनिशीसाठी वर्ज्यच मानावीत. साधारण ६० अंश सेल्सिअसला ती शाई अदृश्य होते आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड त्याच्या आसपास सहज पोहोचतो.

शाईच्या रेखाटनावर जलरंग भरायचे असतील तर पिगमेंटचेच पेन हवे. जपानच्या साकुरा कंपनीने १९८२ मध्ये 'पिग्मा' ही अशी शाई आणली. त्या जातीची पेने साधारणपणे शंभर रुपयांच्या पुढे जातात, म्हणून संच न घेता ०.३ मिलिमीटरचे एकच घ्यावे. याहून स्वस्त मार्ग म्हणजे टाक आणि जलरोधक काळ्या ड्रॉइंग इंकची बाटली. ही इंक फाउंटन पेनात मात्र कदापि भरू नये. ती आत सुकून पेन कायमचे निकामी होते.

दुकानदाराच्या किंवा वेष्टनाच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा घरीच परीक्षा घ्यावी. एका कागदावर घरातील सर्व पेन-पेन्सिलींनी एकेक ओळ लिहावी आणि शेजारी त्यांची नावे टिपावीत. दुसऱ्या दिवशी कागदाच्या एका कडेला पाण्याचे थेंब टाकावेत. उरलेल्या भागापैकी अर्धा पुठ्ठ्याने झाकून कागद दोन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवावा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरला की निकाल आपोआप लागतो.

वडील आजही रोज रात्री रोजनिशी लिहितात, आता पेन्सिलीने. निळी शाई त्यांनी टाकून दिलेली नाही. दुधाचा हिशेब हल्ली तिने लिहिला जातो.