मनसरच्या दगडाला पापुद्रे कशाने सुटले?

नागपूरहून जबलपूर रस्त्याला लागलं की रामटेकच्या अलीकडे मनसर येतं. तिथल्या अभ्रकी शिस्टचा तुकडा उन्हात जरा कलता धरला, की त्यातली असंख्य बारीक पत्रं एकदम चमकून उठतात. पाहणाऱ्याला वाटतं, हे गाळाचे थर, एकावर एक साचलेले.

असं वाटणं साहजिक आहे. सौसर नावाच्या खडकसमूहातला हा खडक मुळात चिखलाचाच. पण पापुद्रे गाळाने घातलेले नाहीत. सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या रेटारेटीत हे थर दाबले गेले, तापले, दुमडले. दाबाच्या दिशेशी काटकोनात अभ्रकाची पत्रं लागली आणि दगड त्याच पातळीत सुटू लागला. भूशास्त्रात याला पाटन म्हणतात. घडीच्या बाकाशी पाहिलं तर फरक कळतो: मूळ थर वळतो, त्या घडीबरोबर घडलेलं पाटन त्याला छेदून पुढे जातं. घडीच्या बाजूंवर मात्र दोन्ही जवळजवळ समांतर असतात आणि तिथेच फसगत होते.

दुसरा समज असा, की आधीचे कण नुसते फिरून एका रांगेत आले. एकोणिसाव्या शतकात हेन्री सॉर्बीने वेल्समधल्या पाटीच्या दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याचा भर कण फिरण्यावरच होता. ते खरं आहे, पण अपुरं. जास्त दाबाच्या बाजूला क्वार्ट्झ विरघळतो, कमी दाबाच्या जागी पुन्हा साचतो. अभ्रक तर नव्याने वाढतो. आणि हे सगळं खडक न वितळता, घन अवस्थेतच. शिस्टमध्ये गार्नेटचा दाणा असेल तर भिंगाखाली अवश्य पाहावा. अभ्रकाच्या रेघा त्याला वळसा घालून जातात आणि दाण्याच्या दोन बाजूंच्या आडोशाला बऱ्याचदा क्वार्ट्झ साचलेला असतो.

दाब सारखा म्हणून पापुद्रेही सारखे, असंही नाही. रामटेकच्या टेकडीतला क्वार्ट्झाइट याच उलथापालथीतून गेला. पण क्वार्ट्झचे कण पत्र्यासारखे नसतात. अभ्रक कमी, म्हणून पाटनही नावापुरतं. शिस्ट झिजला, टेकडी उभी राहिली.

खाणीत थर आणि पाटन यांतला भेद फार मोलाचा. मनसर, कांद्री, गुमगाव इथलं मँगनीज याच दुमडलेल्या थरांत आहे. घडीमुळे एकच थर दोन-तीनदा वर येतो आणि वेगवेगळे थर असल्याचा भास होतो. त्यात पाटनालाच थर मानलं, तर खनिज कुठल्या बाजूला उतरतं याचा अंदाज चुकतो. म्हणून नकाशा करताना भूवैज्ञानिक दोन्हींचे कल वेगळे मोजतात आणि वेगळ्या खुणांनी नोंदवतात.