गच्चीवरची वीज आणि रस्त्यावरची तार

पिंपरी-चिंचवडमधील रहाटणीच्या जुन्या गावठाणातून नखाते वस्तीकडे जाताना ज्याची दृष्टी दुकानांच्या पाट्यांवरून थोडी वर जाईल, त्याला इमारतींच्या माथ्यावर होत असलेला एक मोठा बदल दिसेल. जेथे काल-परवापर्यंत पाण्याच्या काळ्या टाक्या, दूरचित्रवाणीच्या तबकड्या आणि वाळत घातलेले कपडे एवढेच दिसत असे, तेथे आता जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी खांबांवर, दक्षिणेकडे तोंड करून, किंचित कलत्या बसविलेल्या निळसर काळ्या पॅनेलांच्या रांगा उभ्या राहत आहेत. हे परिवर्तन केवळ लोकांच्या हौसेने घडलेले नाही. त्यामागे सरकारी खजिन्यातील फार मोठी रक्कम आहे. केंद्र सरकारने 2024 च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर मोफत वीज योजना जाहीर केली, तिच्यासाठी 75,021 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली, आणि एक कोटी घरांच्या छपरांवर वीज निर्माण करण्याचा संकल्प सोडला. एक किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला 78,000 रुपये, अशी अनुदानाची पायरी ठरलेली असून काम पुरे झाल्याचा दाखला मिळाला की ती रक्कम ग्राहकाच्या बँकखात्यात जमा होते.

अशा योजनांचे मूल्यमापन वृत्तपत्रांतील आकड्यांवरून करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु दिल्लीतून निघालेला अनुदानाचा रुपया प्रत्यक्ष लोखंड, तांबे आणि माती यांत उतरताना कोणाच्या हातांतून जातो, कोठे फळतो आणि कोठे अडतो, हे डोळ्यांनी पाहावे अशी माझी इच्छा होती. म्हणून रहाटणीतील एका घराच्या गच्चीवर चाललेले हे काम मी आरंभापासून अखेरपर्यंत पाहिले. घर तळमजला आणि त्यावर दोन मजले असे. मालक पिंपरीच्या एका कारखान्यातून सेवानिवृत्त झालेले. वरच्या मजल्यावर त्यांचे बिऱ्हाड, आणि खालच्या खोल्यांत चाकणच्या कारखान्यांत पाळीने जाणारे भाडेकरू.

पॅनेले बसविणाऱ्या एजन्सीचा जो तरुण पर्यवेक्षक पाहणीसाठी आला, तो गच्चीचे माप घेण्यापूर्वी कठड्याशी उभा राहून भोवतालच्या इमारतींकडे बराच वेळ पाहत राहिला. "काका, जागा भरपूर आहे, पण ऊन किती तास आहे ते आधी बघू," असे तो म्हणाला, आणि त्या एका वाक्यात या विद्येचे अर्धे मर्म होते. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते, आणि तिच्यातून महिन्याला सरासरी 120 युनिट वीज मिळते, हा हिशेब आता सर्वांना पाठ झाला आहे. परंतु तो हिशेब उघड्या आकाशाचा आहे, रहाटणीच्या आकाशाचा नव्हे. आपल्या अक्षांशावर मे महिन्यात सूर्य मध्यान्ही थेट माथ्यावर येतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कलतो की भर दुपारीही वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी पडते. त्यामुळे उन्हाळ्यात निर्वेध वाटणारी गच्ची हिवाळ्यात शेजारच्या उंच इमारतीच्या सावलीत बुडू शकते. पॅनेले एकमेकांना साखळीने जोडलेली असतात, आणि त्यांतील एकावर जरी सावली पडली तरी साऱ्या साखळीची निर्मिती खालावते. म्हणून पाण्याच्या टाकीची सावलीदेखील येथे क्षुल्लक मानून चालत नाही. पर्यवेक्षकाने डिसेंबरातील सकाळ, मध्यान्ह आणि तिसरा प्रहर अशा तिन्ही वेळांच्या सावल्या मोबाइलवरील आकृतीत मांडून पाहिल्या, आणि ढाचा ठरल्या जागेपासून पूर्वेकडे सरकविला.

ढाचा उंच असावा असा घरातील बाईंचा आग्रह होता, कारण पापड, कुरडया आणि वर्षाचे तिखट यांना लागणारी गच्ची त्या सोडावयास तयार नव्हत्या. तो आग्रह योग्यच होता, आणि तो मानलाही गेला. मात्र ढाचा जितका उंच तितका वाऱ्याचा जोर अधिक, हे ध्यानी घेऊन पायाचे काँक्रीट वाढवावे लागले. जिना अरुंद असल्यामुळे पॅनेले दोरांनी बाहेरून वर ओढली. एकेक पॅनेल माणसाच्या उंचीहून लांब आणि तीस किलोच्या आसपास वजनाचे. वर दोघे, खाली दोघे आणि मधल्या मजल्याच्या सज्जात एक, अशी मंडळी एकमेकांच्या हाकेवर चालत होती. अनुदान हवे असेल तर पॅनेल आणि त्यातील सेल हे दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात, अशी शर्त आहे, आणि तसा दाखला प्रत्येक पॅनेलाच्या क्रमांकानिशी दप्तरी जोडावा लागतो. परदेशातून येणाऱ्या स्वस्त मालाच्या तुलनेत हा माल महाग पडतो. तरीही ही शर्त मला पटते, कारण सार्वजनिक पैशाने ज्या उद्योगाला बाजारपेठ मिळवून द्यावयाची, त्याचे कसब आणि रोजगार आपल्याकडेच रुजले पाहिजेत. जर्मनीने 1990 साली हजार छपरांची योजना काढून या विद्येला राजाश्रय दिला आणि पुढे 2000 च्या कायद्याने तिचा विस्तार केला. जगभर पॅनेलांचे भाव कोसळले त्यात त्या आरंभीच्या खर्चाचा मोठा वाटा आहे.

पॅनेलाविषयी एक गोष्ट सामान्य माणसाला ठाऊक नसते, आणि ती तारजोडणी करणाऱ्या मुलांकडून ऐकावी. घरातील वीज मुख्य बटणाने बंद करता येते. पॅनेलाला मात्र असे बटण नाही. त्याच्यावर ऊन पडले की त्याच्या टोकांशी विद्युत्‌दाब आलाच. सहा पॅनेलांची साखळी जोडली की तो तीनशे व्होल्टच्या घरात जातो, आणि हा प्रवाह एकदिश असल्यामुळे त्याची ठिणगी सहजासहजी विझत नाही; घरगुती प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी तुटते, याची तुटत नाही. म्हणून जोडाचे टोक 'टच' असा आवाज करून बसेपर्यंत ती मुले बोलत नव्हती. भूसंपर्कनासाठी, म्हणजे अर्थिंगसाठी, अंगणात तीन स्वतंत्र खड्डे झाले: एक पॅनेलांच्या बाजूचा, एक घरगुती प्रवाहाच्या बाजूचा आणि एक तडितरक्षकाचा. आमच्याकडचा मुरूम कोरडा पडला की वीज नीट शोषीत नाही, त्यामुळे खड्ड्यात ओल धरणारी भुकटी घातली आणि मापकाने रोध मोजल्यावरच झाकणे बसविली. गच्चीवरील चकचकीत पॅनेलांचे छायाचित्र सर्वजण काढतात. मला मात्र या कामाची प्रामाणिकता त्या झाकलेल्या खड्ड्यांत दिसते, कारण तेथे केलेली हयगय पहिल्या वळवाच्या गडगडाटापर्यंत कोणालाही कळत नाही.

कागदपत्रांचा प्रवास पूर्वीच्या मानाने सुसह्य झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. दरखास्त राष्ट्रीय पोर्टलवर करावयाची. आणि 2024 मध्ये ग्राहकहक्कांच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार दहा किलोवॅटपर्यंतच्या दरखास्तीला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही, ती मंजूर झाल्याचे मानले जाते. त्यानंतर महावितरणशी करार, मीटरची चाचणी, आणि अखेरीस तो दुहेरी मीटर बसविण्याचा दिवस. वीज घरात किती आली आणि घरातून जाळ्यात किती गेली, या दोन्हींची नोंद ठेवणारा हा नेट मीटर म्हणजे या साऱ्या व्यवहाराची खतावणी होय. दिवसा जास्त झालेले युनिट ग्राहकाच्या खाती जमा होतात, नंतरच्या वापरातून वजा होतात, आणि उरल्यासुरल्याचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस, 31 मार्चला, पुरा होतो.

मीटर बसला, पॅनेलांचा एकदिश प्रवाह घरगुती प्रत्यावर्ती प्रवाहात बदलणारा इन्व्हर्टर सुरू झाला, आणि जाळ्यातील दाब व वारंवारता काही क्षण निरखून त्याने आपली लय पन्नास हर्ट्झशी जुळविली. तेवढ्यात महावितरणच्या तंत्रज्ञाने मुद्दाम मुख्य खटका पाडला, आणि भर उन्हात इन्व्हर्टर तत्काळ निद्रिस्त झाला. मालकांचा चेहरा उतरला. "म्हणजे लाइट गेली की आपलं ऊनपण वाया?" असे त्यांनी विचारले. तंत्रज्ञ शांतपणे म्हणाला, "होय काका. लाइट गेली म्हणजे आमचा माणूस खांबावर चढलेला असतो. तुमच्या गच्चीवरून तारेत वीज आली, तर तो जिवंत खाली येणार नाही." हा प्रकार बिघाडाचा नसून नियमाचा आहे, आणि अशा प्रत्येक यंत्रणेत तो पाळला गेलाच पाहिजे, परंतु विक्रीच्या वेळी तो ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगण्याचा शिरस्ता मात्र अजून पडलेला नाही. ज्यांना भारनियमनापासून सुटका हवी आहे त्यांनी बॅटरीचा खर्च वेगळा धरावा.

घराचे काम येथे संपले. माझ्या मते वीजव्यवस्थेचे खरे काम येथून, म्हणजे मीटरच्या बाहेरच्या तारेपासून, सुरू होते. आपल्या वितरणाच्या तारा, पेट्या आणि रोहित्रे यांची रचना एका दिशेच्या वाहतुकीसाठी झालेली आहे: लोणीकंद, चाकण यांसारख्या ठिकाणच्या 400 केव्हीच्या उपकेंद्रांतून वीज उतरत उतरत गल्लीतील रोहित्रापर्यंत यावयाची आणि तेथून घरात शिरावयाची. आता दुपारच्या वेळी, माणसे कामावर गेलेली आणि घरे रिकामी असताना, त्याच तारेतून वीज उलट चालू लागते. एका गल्लीत दोन-चार गच्च्यांवर पॅनेले असतात तोवर शेजारची घरे ती सहज खाऊन टाकतात. परंतु गल्लीतील बहुतेक छपरे झाकली गेली की तारेच्या टोकाशी दाब चढू लागतो, आणि 230 व्होल्टच्या जागी तो दहा टक्क्यांहून वर, म्हणजे 253 च्या पुढे गेला, तर इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत जाळ्यापासून अलग व्हावे असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा दंडक आहे. म्हणजे ज्या क्षणी ऊन सर्वाधिक, नेमक्या त्याच क्षणी निर्मिती बंद. यावर उपाय आहेत, आणि ते सर्वज्ञात आहेत: जाड तारा, अधिक क्षमतेची रोहित्रे, दाब स्वतः सांभाळणारे इन्व्हर्टर, आणि रोहित्रागणिक चोवीस तास मोजमाप. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत 3,03,758 कोटी रुपयांची तरतूद याच स्वरूपाच्या कामांसाठी आणि स्मार्ट मीटरांसाठी आहे. तो पैसा गल्लीतील रोहित्रापर्यंत त्वरेने पोहोचावा, ही गच्चीवरील अनुदानाइतकीच निकडीची बाब आहे. फरक इतकाच की रोहित्राजवळ उभे राहून कोणी छायाचित्र काढीत नाही.

दुसरा प्रश्न सायंकाळचा. रहाटणीतील घरांत दिवे, पंखे, लिफ्ट आणि गीझर यांचा मेळा भरतो तो सूर्य मावळल्यावर. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर जुलै 2025 पासून युनिटमागे 80 पैशांपासून सवलत लागू झाली, तिचा हेतू हाच की धुलाई, पाणी चढविणे, गाडीचे चार्जिंग ही कामे लोकांनी उन्हाच्या वेळी उरकावीत. परंतु स्वयंपाक आणि अभ्यास दुपारी उरकता येत नाहीत. त्यांच्यासाठी दिवसाची वीज साठवावीच लागेल. या बाबतीत आपल्या पश्चिमेकडील सह्याद्री हे निसर्गाचे मोठे देणे आहे. घाटघर येथे 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प पूर्वीपासून उभा आहे: स्वस्त विजेने पाणी वर चढवावयाचे आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज परत मिळवावयाची. ज्या मावळातील जलाशयांवर 1915 साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले, त्याच मावळात शिरवटा येथे 1,800 मेगावॅटचा असा प्रकल्प उभारण्याचा करार टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात ऑगस्ट 2023 मध्ये झाला. शेजारच्या मुळशीत 1921 साली सेनापती बापटांनी धरणग्रस्तांसाठी सत्याग्रह उभारला होता, हे या नव्या प्रकल्पाच्या कारभाऱ्यांनी क्षणभरही विसरू नये. स्वच्छ वीजही कोणाच्या तरी जमिनीवरच निर्माण होत असते.

या परिसराला विखुरलेल्या वीजनिर्मितीचा अनुभव नवा नाही. भारनियमनाचा अंमल कडक असताना, 2006 साली, पुणे परिसरातील कारखान्यांनी स्वतःची जनित्रे चालवून जाळ्यावरील आपली मागणी उतरविली, वाचलेल्या विजेवर शहर भारनियमनातून मुक्त झाले, आणि जादा खर्चाचा भार ग्राहकांनी अधिभाराच्या रूपाने उचलला. देशभर 'पुणे मॉडेल' म्हणून त्याचा गवगवा झाला. त्या वेळी डिझेल जळत होते, आज ऊन आहे. परंतु अनेक लहान साधने शिस्तीने एकत्र आणली तर शहर चालू शकते, याचा पुरावा याच भूमीने दिलेला आहे.

या साऱ्या व्यवस्थेतील एक उणीव मात्र मला अस्वस्थ करते. ज्या घराचे काम मी पाहिले, त्याच्या तळमजल्यावरील भाडेकरूंच्या बिलात एका पैशाचाही फरक पडला नाही. त्यांचे मीटर वेगळे. गच्ची त्यांची नव्हे. रहाटणीच्या लोकसंख्येचा मोठा भाग अशा भाड्याच्या खोल्यांत आणि बहुमजली इमारतींतील सदनिकांत राहतो, आणि अनुदानाची रचना स्वतंत्र छपराच्या मालकाभोवती झालेली आहे. एका ठिकाणी निर्माण झालेली वीज अनेक मीटरांच्या खाती वाटून देण्याची आभासी नेट मीटरिंगची पद्धत दिल्लीत 2019 पासून नियमबद्ध झाली. ती भाडेकरूंपर्यंत सुलभतेने पोहोचवणे, हे मी शासनाचे पुढील कर्तव्य मानतो.

तोपर्यंत एक वाट आजच खुली आहे. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे यांसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपयांप्रमाणे 500 किलोवॅटपर्यंत अनुदान मिळते, आणि सामाईक बिल उतरले की देखभालीच्या वर्गणीचा बोजा प्रत्येक सदनिकेवरून, भाडेकरूच्या सदनिकेवरूनही, हलका होण्यास वाव मिळतो. संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात. रहाटणी, काळेवाडी आणि पिंपळे सौदागर येथील संस्थांच्या सभासदांना माझी विनंती आहे की, यंदाच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय त्यांनी लेखी मागणी करून घालावा, आणि ठराव करताना पॅनेलांच्या दराबरोबरच भूसंपर्कनाच्या मोजमापाचा कागदही मक्तेदाराकडून मागावा.