कोणाच्या नावाने? सामायिक क्लस्टरच्या दहा वर्षांचा मागोवा

गूगलने जून २०१४ मध्ये कुबरनेटीस सर्वांसाठी खुले केले आणि २१ जुलै २०१५ रोजी त्याची १.० आवृत्ती बाहेर पडली. त्यामागे बोर्गचा अनुभव होता. गूगलच्या आत ही यंत्रणा कित्येक वर्षे हजारो मशीनवर वेगवेगळ्या टीमची कामे शेजारी शेजारी चालवत आली होती. कुबरनेटीसबरोबर ही पद्धत बाहेरच्या कंपन्यांतही रुजली: क्लस्टर एक, टीम अनेक. प्रत्येक टीमला स्वतंत्र क्लस्टर दिला की नियंत्रण करणारी मशीन वेगळी, देखरेख वेगळी, आवृत्ती बदलण्याचे दुखणे वेगळे आणि गर्दीच्या वेळेसाठी राखून ठेवलेली मोकळी जागाही वेगळी. एकत्र राहिले की हा सगळा भार वाटला जातो.

मग पेमेंटची टीम आपले नवे डिप्लॉयमेंट दुपारी दोन वाजता चढवते, तेव्हा सर्चच्या टीमला धक्का लागू नये आणि क्लस्टर सांभाळणाऱ्यांपुढे दर वेळी हातही पसरावे लागू नयेत, हे कसे साधायचे? या दहा वर्षांत त्यासाठी बरीच हत्यारे आली आणि गेली. मागे वळून पाहताना मला त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: क्लस्टरमधला हा बदल नक्की कोणाच्या नावाने झाला?

नेमस्पेस पहिल्या आवृत्तीपासून होते. दोन टीमनी आपापल्या सेवेला एकच नाव दिले तरी गोंधळ होत नसे, आणि प्रत्येक नेमस्पेसला मेमरी-सीपीयूचा कोटाही लावता येई. वाटणी झाली होती, राखण नव्हती. कोणाला काय करता येईल याचे नियम एपीआय सर्व्हरजवळच्या एका फाइलमध्ये ओळीओळीने लिहावे लागत, आणि एक ओळ बदलायची तरी सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागे. असे काम दर आठवड्याला कोण करणार? अनेक ठिकाणी मग एकच सर्वाधिकारी कुबकॉन्फिग फाइल टीम-टीममध्ये फिरत राहिली. अशा क्लस्टरमध्ये ‘हे कोणी डिलीट केले?’ या प्रश्नाला उत्तर नसते, कारण नोंदीत सगळ्यांचे नाव एकच असते.

हे बदलले आरबॅकमुळे, म्हणजे भूमिकांवर आधारलेल्या परवानग्यांमुळे. २०१६ मध्ये १.३ आवृत्तीत त्याचे प्राथमिक रूप आले, मार्च २०१७ च्या १.६ मध्ये ते बीटा झाले आणि सप्टेंबर २०१७ च्या १.८ मध्ये स्थिर झाले. त्याची घडण बरीचशी रेड हॅटच्या ओपनशिफ्टमधून आली होती. ‘क्लस्टररोल’ ही भूमिका संपूर्ण क्लस्टरसाठी एकदाच लिहायची, पण ती एखाद्या नेमस्पेसमधल्या ‘रोलबाइंडिंग’ने बांधली की तिचा अंमल त्या नेमस्पेसपुरताच राहतो. भूमिका एक, हद्दी अनेक. शिवाय स्वतःकडे नसलेली परवानगी कोणालाही दुसऱ्याला देता येत नाही, असा नियम एपीआय सर्व्हरमध्येच घातलेला आहे. त्यामुळे नेमस्पेसच्या ‘अॅडमिन’ला आपल्या टीममध्ये अधिकार वाटता येतात, वाढवता मात्र येत नाहीत. या तयार ‘अॅडमिन’ भूमिकेला आपल्या नेमस्पेसचा कोटाही बदलता येत नाही, कारण कोटा ही शेजाऱ्यांशी केलेली बोली आहे. इतका नीट विचार केलेली परवानग्यांची रचना मला दुसरीकडे फारशी भेटलेली नाही.

उणीव होती ती एकाहून अधिक नेमस्पेस हाताळताना. टीमला चाचणीचा एक, सरावाचा एक आणि खऱ्या ग्राहकांचा एक, असे निदान तीन नेमस्पेस लागतात. आरबॅकमध्ये ‘पेमेंटने सुरू होणारे सगळे नेमस्पेस’ असे लिहिण्याची सोय नाही. प्रत्येक नेमस्पेसमध्ये वेगळे बाइंडिंग लिहा, नाहीतर संपूर्ण क्लस्टरभर अधिकार देणारे ‘क्लस्टररोलबाइंडिंग’ द्या. घाईच्या दिवसांत दुसरा मार्ग सोपा वाटतो, आणि तिथेच हद्द पुसली जाते. २०२० मध्ये आलेल्या श्रेणीबद्ध नेमस्पेसच्या कंट्रोलरने वरच्या नेमस्पेसमधली बाइंडिंगे खालच्यांत आपोआप उतरवली आणि टीमला स्वतःचे उपनेमस्पेस काढण्याची मुभा दिली. बाकीच्यांनी हेच काम गिटमधल्या टेम्प्लेटवर सोपवले.

आरबॅकच्या कागदपत्रांत एक वाक्य आहे, ते प्रत्येक प्लॅटफॉर्म टीमने भिंतीवर लावावे असे मला मनापासून वाटते. ‘एडिट’ भूमिका असलेल्याला आपल्या नेमस्पेसमधली सिक्रेट्स वाचता येतात आणि तिथल्या कोणत्याही सर्व्हिस अकाउंटच्या नावाने पॉड चालवता येतो. सिक्रेट वाचण्याची परवानगी काढून घेतली तरी फरक पडत नाही. पॉड बनवता येणारा माणूस ते सिक्रेट पॉडमध्ये जोडून घेईल आणि आतून वाचेल. म्हणजे डिप्लॉय करण्याचा हक्क दिला की त्या नेमस्पेसमधल्या साऱ्या ओळखी आणि गुपिते त्याच्याबरोबर जातात. ‘त्यांना फक्त डिप्लॉयचा अधिकार आहे’ हे बोलणे बैठकांत सर्रास ऐकू येते, पण त्यात ‘फक्त’ काहीच नसते. क्लस्टरभर हात पोचणारे सर्व्हिस अकाउंट टीमच्या नेमस्पेसमध्ये ठेवायचे नाही, हा नियम इथून निघतो. तो पाळला नाही तर बाकीची बाइंडिंगे कितीही काटेकोर असली तरी भोक राहतेच.

आरबॅक स्थिरावत असतानाच सगळ्यांच्या हातात हेल्म होते. ही कुबरनेटीसची पॅकेज व्यवस्था. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०१६ पासून, टिलर नावाचा सर्व्हर क्लस्टरच्या आत, सहसा ‘कुब-सिस्टिम’ या नेमस्पेसमध्ये राहत असे. आपण हेल्मला सांगायचे, हेल्मने टिलरला सांगायचे आणि टिलरने प्रत्यक्ष बदल करायचा. हा बदल टिलरच्या स्वतःच्या ओळखीने होई. आरबॅक सुरू केले की टिलर अडू लागला, आणि त्यावर सर्वत्र फिरलेला उतारा म्हणजे टिलरला ‘क्लस्टर-अॅडमिन’ देऊन टाकणे. टिलरच्या हाती कुलमुखत्यारपत्रच आले. हा मुखत्यार समोर आलेल्या माणसाचे नावही विचारत नसे, कारण त्याच्या पोर्टवर मुळातून ओळखतपासणी नव्हती. क्लस्टरमधल्या कुठल्याही पॉडने त्याच्याशी बोलावे आणि कुठल्याही नेमस्पेसमध्ये काहीही करून घ्यावे. पेमेंटच्या टीमसाठी जपून लिहिलेले रोलबाइंडिंग जागच्या जागी राही, आणि काम त्याच्या बाजूने निघून जाई.

लोकांनी उपाय केले. कोणी प्रत्येक नेमस्पेसला वेगळा टिलर बसवला, कोणी टीएलएस प्रमाणपत्रे वाटली. हेल्मच्या चमूने मात्र मुळावर घाव घातला. १३ नोव्हेंबर २०१९ रोजी हेल्म ३ आले आणि त्यात टिलर नव्हताच. आता हेल्म चालवणाऱ्याच्या स्वतःच्या परवानगीने बदल होतो, कोणत्या रिलीजमध्ये काय गेले याची नोंद त्याच नेमस्पेसमधल्या सिक्रेटमध्ये राहते, आणि पूर्वी क्लस्टरभर एकमेव असावे लागणारे रिलीजचे नाव नेमस्पेसपुरते झाले. वापरात असलेला आपलाच मध्यवर्ती घटक काढून टाकायला धैर्य लागते. या दशकातल्या सगळ्या सुधारणांत मला ही सर्वांत मोठी वाटते, कारण तिने नवे कुलूप बसवले नाही, मधला माणूसच हटवला.

तोवर बाहेर काय चालले होते ते थोडक्यात. फेब्रुवारी २०१८ मध्ये टेस्लाचा पासवर्ड नसलेला कुबरनेटीस डॅशबोर्ड उघडा सापडला आणि आत कोणीतरी क्रिप्टो मायनिंग करत होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सीव्हीई-२०१८-१००२१०५ जाहीर झाली, दहापैकी ९.८ तीव्रतेची. नीट घडवलेली एक विनंती पाठवली की एपीआय सर्व्हरने मागच्या सर्व्हरशी उघडलेली जोडणी हाती लागे आणि तिच्यावरून पुढच्या विनंत्या एपीआय सर्व्हरच्याच ओळखपत्राने जात. चूक अगदी वेगळ्या ठिकाणची, गाभा टिलरचाच.

पॉड सिक्युरिटी पॉलिसीचीही अडचण तीच. पॉडने होस्टची फाइल सिस्टिम वापरू नये, रूट म्हणून चालू नये, असे नियम तिच्यात लिहिता येत. पण नियम लावताना अधिकार तपासायचा कोणाचा? माणूस डिप्लॉयमेंट बनवतो, आणि पॉड बनवतो तो क्लस्टरमधला कंट्रोलर. माणसाला दिलेली परवानगी मग निरुपयोगी ठरे, पॉडच्या सर्व्हिस अकाउंटला ती वेगळी द्यावी लागे, आणि अनेक पॉलिसी असल्या की नेमकी कोणती लागू झाली हे शोधत बसावे लागे. एप्रिल २०२१ मध्ये १.२१ आवृत्तीने तिला निवृत्तीची सूचना दिली आणि ऑगस्ट २०२२ च्या १.२५ मध्ये ती गेली. तिच्या जागी आलेली पॉड सिक्युरिटी अॅडमिशन साधी आहे. नेमस्पेसवर लेबल लावायचे: प्रिव्हिलेज्ड, बेसलाइन किंवा रिस्ट्रिक्टेड. पॉड कोणीही बनवो, त्या नेमस्पेसचा नियम लागतो. लेबल बदलण्याचा हक्क तेवढा टीमकडे जाऊ द्यायचा नाही.

डिप्लॉय करणाऱ्या पाइपलाइनची गोष्टही याच वळणाने गेली. आधी सीआय सर्व्हरमध्ये क्लस्टरचे टोकन ठेवले जाई, आणि सोयीसाठी ते बहुधा सर्वाधिकारी असे. २०१७ मध्ये वीव्हवर्क्सने ‘गिटऑप्स’ हे नाव रूढ केले. हवी ती स्थिती गिटमध्ये लिहायची आणि क्लस्टरमधल्या एजंटने ती आत ओढून घ्यायची, म्हणजे चावी क्लस्टरबाहेर पडत नाही. त्यांचे फ्लक्स आणि इन्ट्युइटमध्ये वाढलेले आर्गो सीडी, दोन्ही २०२२ च्या अखेरीस सीएनसीएफमध्ये ‘ग्रॅज्युएट’ झाली. टीमला मर्ज रिक्वेस्ट पाठवून आपले डिप्लॉयमेंट चालवता येते, कोणी मंजूर केले ते दिसते, मागे फिरणे सोपे होते. हे मोठेच काम झाले.

पण आर्गो सीडीचा कंट्रोलर नेहमीच्या मांडणीत पुन्हा क्लस्टरभर अधिकार घेऊन बसतो. टीमना अडवण्याचे काम ‘अॅपप्रोजेक्ट’ करतो: कोणत्या रिपॉझिटरीतून घ्यायचे, कोणत्या नेमस्पेसमध्ये टाकायचे, कोणत्या प्रकारच्या वस्तू चालतील. ही कुंपणे चांगली आहेत, मात्र ती एपीआय सर्व्हरची नाहीत, आर्गो सीडीने स्वतः पाळायची आहेत. शिवाय सुरुवातीला मिळणारा ‘डीफॉल्ट’ प्रोजेक्ट सगळीकडे सगळे चालू देतो. तो आधी घट्ट केल्याशिवाय दुसरी टीम आत घेऊ नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०२२-२४३४८ ने दाखवले की खोडसाळ हेल्म चार्ट देऊन दुसऱ्या अॅप्लिकेशनच्या फाइली वाचता येत होत्या. फ्लक्सच्या दुसऱ्या पिढीने इथे योग्य वाट धरली. कंट्रोलर टीमच्या सर्व्हिस अकाउंटचे रूप घेऊन बदल करतो, आणि एका नेमस्पेसने दुसऱ्यातल्या स्रोताकडे बोट दाखवणे एका फ्लॅगने बंद करता येते. शेवटचा निवाडा आरबॅकच करते. आर्गो सीडीमध्ये ही सोय नोव्हेंबर २०२४ च्या २.१३ आवृत्तीत, अल्फा दर्जाने, आली.

इनग्रेसच्या वाटेवरही हेच. इनग्रेस-एनजिनएक्स हा कंट्रोलर नेहमीच्या मांडणीत क्लस्टरमधली सगळी सिक्रेट्स वाचू शकतो. ऑक्टोबर २०२१ च्या सीव्हीई-२०२१-२५७४२ मध्ये असे निघाले की केवळ इनग्रेस बनवण्याची परवानगी असलेली टीम त्यातल्या ‘स्निपेट’ सोयीने ती सिक्रेट्स काढून घेऊ शकत होती. मार्च २०२५ मध्ये त्याहून वाईट निघाले. या कंट्रोलरच्या तपासणी-वेबहुकपर्यंत पॉडच्या नेटवर्कवरून पोचता आले की पुरे, ओळखपत्र लागत नव्हते. नेटवर्क पॉलिसी २०१७ मध्ये स्थिर झाली, तरी ती लिहीपर्यंत कोणताही पॉड कोणत्याही पॉडशी बोलू शकतो, आणि फ्लॅनेलसारखे नेटवर्क प्लगइन एकटे असेल तर लिहिलेली पॉलिसीही कोणी अमलात आणत नाही. तिची यंत्रणा चालू आहे याची खात्री करून मगच टीम आत घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये १.० झालेल्या गेटवे एपीआयमध्ये मला या सगळ्याचा विचार केलेला दिसतो. प्रवेशद्वार क्लस्टर सांभाळणाऱ्यांचे, त्यावरचे मार्ग टीमचे. एका नेमस्पेसमधल्या मार्गाला दुसऱ्या नेमस्पेसमधल्या सेवेकडे जायचे असेल, तर त्या दुसऱ्या नेमस्पेसच्या मालकाने ‘रेफरन्सग्रँट’ लिहून तशी संमती द्यावी लागते. हद्द ओलांडताना पलीकडच्याचा होकार नोंदवला जातो, आणि तो मागेही घेता येतो.

नेमस्पेसने कधीच न सुटणारी गोष्ट म्हणजे सीआरडी. कुबरनेटीसमध्ये नवे प्रकार जोडणाऱ्या या व्याख्या क्लस्टरभर एकच असतात. दोन टीमना एकाच डेटाबेस ऑपरेटरच्या न जुळणाऱ्या दोन आवृत्त्या हव्या असल्या, तर कितीही बाइंडिंगे लिहून ते जमत नाही. झालांडोसारख्या कंपनीने एका मोठ्या क्लस्टरऐवजी अनेक लहान क्लस्टर चालवणे पसंत केले. २०२१ मध्ये आलेल्या व्हीक्लस्टरने मधला मार्ग काढला. टीमला स्वतःचा एपीआय सर्व्हर मिळतो, तिथे ती हव्या त्या सीआरडी लावते आणि हवे तेवढे नेमस्पेस काढते. खालच्या क्लस्टरला तिचे सगळे पॉड एकाच नेमस्पेसमध्ये दिसतात, आणि त्या नेमस्पेसचा कोटा, लेबल व नेटवर्क पॉलिसी त्यांना लागू राहते.