पासवर्डची सुरक्षा : हॅश आणि शब्दयादी

म्हैसूर शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून मैसूरु झाले. तेथील एखाद्या नागरिकाने रोमन लिपीत, पहिले अक्षर मोठे ठेवून ‘मैसूरु@२०१४’ असा पासवर्ड निवडला, तर मोठे अक्षर, चिन्ह व अंक या सर्व अटी पूर्ण होतात. तरीही तो पासवर्ड दुर्बलच राहतो.

हॅश म्हणजे काय?

सुरक्षित व्यवस्थेत पासवर्ड मूळ रूपात साठविला जात नाही. गणिती प्रक्रियेने त्याचे ठरावीक लांबीच्या संकेतात रूपांतर होते. त्यास ‘हॅश’ म्हणतात. हॅशवरून मूळ शब्द थेट काढता येत नाही. मात्र एकाच पद्धतीने एका शब्दाचा हॅश प्रत्येक वेळी तोच येतो. हॅशची चोरी झाल्यास हल्लेखोर प्रचलित शब्द, गावांची नावे, सण व पूर्वी उघड झालेले पासवर्ड यांच्या यादीतील प्रत्येक शब्दाचा हॅश काढून ताडून पाहतो. शब्दापुढे चिन्ह व वर्ष जोडण्याचे कामही संगणकच करतो. ही पडताळणी हल्लेखोराच्या स्वतःच्या संगणकावर होत असल्याने चुकीच्या प्रयत्नांवरील मर्यादा तेथे लागू पडत नाही.

हा धोका नवा नाही. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३,२८९ पासवर्डांपैकी ८६ टक्के अतिलघु, साधे किंवा शब्दकोशातील आढळले. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश उघड झाले. भारतात २०१७ मध्ये झोमॅटोच्या सुमारे १.७ कोटी वापरकर्त्यांच्या नोंदी चोरीस गेल्या.

उपाय आणि कायदा

प्रत्येक पासवर्डला ‘सॉल्ट’ हा वेगळा यादृच्छिक अंश जोडल्यास दोघांचा पासवर्ड समान असूनही हॅश भिन्न येतात. बीक्रिप्ट व आर्गॉन-२ या पद्धती हॅश काढण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. त्यामुळे कोट्यवधी शब्द तपासणे खर्चिक होते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-क अन्वये दुसऱ्याच्या पासवर्डचा कपटाने वापर केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा न राखणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सॉल्ट व संथ हॅशमुळे हल्ल्याचा खर्च वाढतो. परंतु यादीत आधीच असलेला शब्द त्यामुळे सुरक्षित होत नाही. म्हणून परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक शब्दांचा दीर्घ पासवर्ड आणि प्रत्येक सेवेसाठी स्वतंत्र पासवर्ड ही जबाबदारी नागरिकाचीच राहते.