खांदा शिवला, पुढे काय?

सुरुवात क्रिकेटपासून करू या, म्हणजे मागच्या रांगेतले लोकही जागे राहतील. मार्च २००६ मध्ये सचिन तेंडुलकरच्या उजव्या खांद्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दुखावली होती. वेस्ट इंडीजचा दौरा हुकला. तो आंतरराष्ट्रीय सामन्यात परतला सप्टेंबरमध्ये, क्वालालंपूरला, आणि नाबाद १४१ धावा केल्या. म्हणजे सहा महिने लागले. तेही तेहतिशीतल्या, कसलेल्या खेळाडूला. मग साठीतल्या माणसाने सहा आठवड्यांत स्कूटर चालवायची घाई का करावी?

आता आत काय होतं ते बघू. खांद्याच्या गोळ्याभोवती चार स्नायूंच्या टेंडन्सची एक टोपीच असते. तिला रोटेटर कफ म्हणतात. त्यातली वरची, सुप्रास्पायनेटसची टेंडन सर्वांत जास्त फाटते. सर्जन दुर्बिणीतून हाडात छोटे अँकर बसवतात आणि फाटलेली कड टाक्यांनी हाडाला बांधतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टाके फक्त धरून ठेवतात, जोडण्याचं काम शरीरच करतं. टेंडनला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे ते काम सावकाश चालतं.

म्हणून साधारण वेळापत्रक असं असतं. पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत. या काळात फिजिओथेरपिस्ट हात हलवतील, तुम्ही स्वतः ताकद लावून उचलायचा नाही. त्यानंतर हळूहळू स्वतःची हालचाल. ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर. पूर्ण फायदा दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. फाट मोठी असेल तर आणखी सबुरी.

सगळ्यात फसवा काळ कोणता? दुखणं कमी होतं तो. सहा-आठ आठवड्यांनी रात्रीची झोप लागायला लागते. मग वाटतं, झालं बरं! आणि माणूस माळ्यावरचा डबा काढतो, पाण्याची बादली उचलतो. दुखत नाही याचा अर्थ जुळलं असा होत नाही.

शिवलेली टेंडन पुन्हा फाटू शकते का? हो. फाट मोठी, वय जास्त, मधुमेह ताब्यात नाही, धूम्रपान चालू, स्नायूत चरबी भरलेली, असं असेल तर धोका वाढतो. पण लगेच घाबरू नका. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या फाटी शिवलेल्या १८ रुग्णांची सोनोग्राफी केली. १७ जणांत टेंडन पूर्ण जुळलेली नव्हती, तरी वर्षानंतर बहुतेकांचं दुखणं कमी होतं आणि हात वर जात होता. पुढच्या वर्षात मात्र हा फायदा थोडा ओसरला. म्हणजे स्कॅन आणि माणूस नेहमी एकच गोष्ट सांगत नाहीत. पण जुळलेल्या खांद्यात ताकद जास्त येते, म्हणून ती जुळावी यासाठीच हा सगळा खटाटोप.

तेव्हा शस्त्रक्रियेआधी सर्जनना तीन प्रश्न विचारा. फाट किती मोठी आहे? स्नायू अजून चांगला आहे का? व्यायामाने भागेल का? कारण वयानुसार झिजून झालेल्या बऱ्याच फाटी नुसत्या व्यायामानेही सुसह्य होतात.

आणि घरच्यांना एक विनंती. ते तीन महिने माळ्यावरचा डबा तुम्ही काढा.