वणवा आणि आणीबाणीचा अधिकार

हरिहरेश्वराच्या परिसरांत डोंगरउतारावरील वरकस जमिनींत होळीच्या सुमारास गवत कडकडीत वाळलेलें असतें. दुपारीं समुद्रावरून वारा सुटतो. त्याच दिवसांत भाताच्या रोपासाठीं राब भाजण्याचें कामही चालतें. नीट न विझलेला एक राब पुरेसा होतो आणि आठ-दहा वर्षें जोपासलेलीं आंबा-काजूचीं कलमें एका दुपारीं होरपळून जातात. अशा वेळीं ग्रामपंचायतीस आणीबाणी पुकारतां येईल काय, हा प्रश्न बागायतदाराच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचा खुलासा येथें करतों.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यांत शहरास व परगण्यास स्थानिक आणीबाणी पुकारण्याचा अधिकार कायद्यानेंच दिला आहे. ती अधिकाऱ्यानें पुकारल्यास लोकनियुक्त मंडळानें सात दिवसांत मान्यता द्यावी लागते, नाहीं तर ती संपते. ता. ७ जानेवारी २०२५ रोजीं वणवे पेटले असतां लॉस एंजेलिसच्या महापौरांनीं अशीच आणीबाणी पुकारली होती.

आपल्याकडील रचना निराळी आहे. सन २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याप्रमाणें प्रत्येक जिल्ह्यांत प्राधिकरण असून जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. रस्ते रोखणें, धोक्याच्या जागीं प्रवेश बंद करणें, वाहनें व सामग्री ताब्यांत घेणें, हे अधिकार त्या प्राधिकरणाचे आहेत. शिवाय ज्या संकटास तोंड देणें तेथील लोकांच्या शक्तीबाहेरचें असेल, त्यासच हा कायदा आपत्ति म्हणतो. एखादा डोंगर जळाला तर तो बहुधा या व्याख्येंत बसत नाहीं. ग्रामपंचायतीस या कायद्यानें घोषणेचा अधिकार दिलेला नाहीं. परंतु माणसें शिकवून तयार ठेवणें, साधनें सज्ज राखणें व मदतकार्य करणें, हें कर्तव्य कलम ४१ नें तिच्यावरही टाकलें आहे.

ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलें. त्याची सूचना आधीं मिळाल्यामुळें माणसें सुरक्षित जागीं हलवतां आलीं, जरी नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वणवा अशी सूचना देत नाहीं. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साह्यानें आगीच्या खबरा पाठविते खरी. पण उपग्रह ठराविक वेळींच माथ्यावरून जातात, आणि दोन फेऱ्यांच्या मध्यें पेटून विझलेलें गवत त्यांस दिसेलच असें नाहीं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून हुकूम निघेपर्यंत बागेची राख झालेली असते. म्हणून वणव्याच्या बाबतींत घोषणेपेक्षां पूर्वतयारीच अधिक उपयोगी, असें आमचें मत आहे.

ही तयारी दिवाळीनंतर लगेच करावी. बागेभोंवतीं निदान दहा हात रुंद जाळरेषा काढून तींतील गवत व पालापाचोळा साफ करावा. राब सकाळीं, वारा पडलेला असतांना, शेजाऱ्यास सांगून भाजावा व पाण्यानें पूर्ण विझवावा. आग दिसतांच कोणीं कोणास कळवावयाचें व कोणत्या विहिरीचें पाणी घ्यावयाचें, हें ग्रामसभेंत ठरवून लिहून ठेवावें. राखीव वनांत आग लावणें हा सन १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. ज्यांस वनांत चराई किंवा लाकूडफाट्याचा हक्क वा परवाना आहे, त्यांवर आग विझविण्याचें बंधनही कलम ७९ नें घातलें आहे. इतकेंच नव्हे, तर आग जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणानें लागल्यास सरकारास त्या वनांतील चराईचे हक्क कांहीं काळ तहकूब करतां येतात. एकाच्या चुकीनें साऱ्या गांवचीं गुरें अडतात, हें प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें.

इतकें करूनही बाग जळाली, तर जळलीं झाडें तोडण्याआधीं तलाठ्यास कळवून पंचनामा करवावा, झाडांची संख्या व वय नोंदवावें आणि अर्जाची पोंच घ्यावी. पुढें सरकारनें मदत जाहीर केलीच, तर ज्याच्याजवळ कागद नाहीं त्याचें म्हणणें सिद्ध होणें कठीण जातें. या हंगामापूर्वीं आपल्या गांवच्या ग्रामसभेंत वाचकांनीं हा विषय अवश्य मांडावा, अशी आमची विनंती आहे.